कामाचे तास घटले, पण कोणाचे? मुंबईच्या गिरण्यांपासून भिवंडी-मालेगावच्या मागांपर्यंत

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाच्या तासांबद्दल एक निर्णय घेतला. कारखान्यांमध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांमध्ये ९ वरून १० तासांपर्यंत नेण्याला मंजुरी देण्यात आली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. या दोन बातम्यांनंतर आपल्या वस्त्यांमध्ये, चहाच्या हॉटेलांवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला: आता रोज बारा तास काम करावं लागणार का?

हा प्रश्न ऐकून भिवंडी-मालेगावातल्या मागावर काम करणाऱ्या माणसाला हसू येईल, कारण तो आधीपासूनच बारा तास काम करतोय. त्याच्या वडिलांनी बारा तास केलं आणि बहुतेक आजोबांनीही. म्हणून हा विषय नुसत्या ताज्या बातमीवरून कळत नाही. आपल्या देशात कामाचे तास कसे ठरले, कधी कमी झाले, कोणासाठी कमी झाले आणि कोणासाठी झालेच नाहीत, हे थोडं मागे जाऊन पाहावं लागतं.

सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुट्टी

मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५४ ते १८५६ च्या दरम्यान. कावसजी नानाभाई दावर हे तिचे संस्थापक. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी दिसू लागली. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी मदनपुरा वसवला. हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले हे लोक आता यंत्रासमोर उभे राहिले.

तेव्हा कामाचे तास घड्याळावर ठरत नव्हते, ते उजेडावर ठरत होते. सूर्योदयाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून पाळी जरा लहान, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पाळी मोठी. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. दुपारच्या जेवणाची ठरलेली वेळ नव्हती. पगार कधी मिळेल हेही नक्की नव्हतं.

१८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. पण मोठ्या माणसांच्या तासांवर त्याने काहीच बंधन घातलं नाही. फक्त मुलांपुरती तरतूद केली: ७ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही आणि ७ ते १२ वयाच्या मुलाकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे हा आकडा वाचून थबकायला होतं. ७ वर्षांचं मूल म्हणजे आमच्या शाळेतलं दुसरीतलं मूल. त्याला ९ तास गिरणीत ठेवणं ही त्या काळची 'सुधारणा' होती.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. हा कायदा व्हावा म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनीही जोर लावला होता. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना नको होतं. म्हणजे मजुरांविषयीची कळकळ आणि धंद्यातली स्पर्धा, दोन्ही त्यात मिसळलेलं होतं. कामाच्या तासांचा इतिहास असाच आहे. तो कधीच निव्वळ दयेने पुढे सरकला नाही.

५,५०० सह्या आणि एक रविवार

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक. कामगारांच्या वतीने त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात: रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी द्या.

सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, तीत स्त्री कामगारही होत्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती लिहिली गेली.

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. जुम्म्याची नमाज, घरचं जेवण, नातेवाइकांकडे जाणं-येणं, सगळं त्या एका दिवशी. वार वेगळा असला तरी आठवड्याची सुट्टी हा मजुराचा हक आहे हे तत्त्व कायद्यात आलं ते त्या सह्यांमुळे. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

दिवा आला आणि रात्र गेली

यंत्रं सुधारली की माणसाचं काम आपोआप कमी होतं, असं आपण धरून चालतो. मुंबईत नेमकं उलटं घडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत अंधार हाच कामगाराचा रखवालदार होता, कारण मगरिबच्या सुमाराला काम थांबवणं भाग होतं. दिवे लागल्यावर ती अडचण संपली. १९०५ च्या सुमाराला मुंबईच्या अनेक गिरण्यांत १४-१५ तास काम घेतलं जाऊ लागलं. कामगारांमध्ये असंतोष उसळला, सरकारला चौकशी करावी लागली आणि त्यातून १९११ चा कायदा आला. प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांवर पहिली मर्यादा आली ती याच कायद्याने.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात असा:

• १९११: कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. आठवड्याला एक सुट्टी धरली तर ७२ तास.

• १९२२: दिवसाला ११ तास, आठवड्याला ६० तास.

• १९३४: वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांत दिवसाला १० तास, आठवड्याला ५४ तास.

• १९४६: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास.

• १९४८: स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा. ४८ तासांची मर्यादा कायम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी.

१९२२ च्या ६० तासांमागे एक आंतरराष्ट्रीय कारण होतं. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला पहिलाच करार कामाच्या तासांवर केला: दिवसाला ८, आठवड्याला ४८. पण ब्रिटिश भारतासाठी त्यात सवलत ठेवली गेली आणि इथे ६० तास चालतील असं ठरलं. म्हणजे युरोपच्या मजुराला ४८ आणि आपल्या मजुराला ६०. हा फरक भरून निघायला सत्तावीस वर्षं लागली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली.

आता या आकड्यांकडे एकत्र पाहा. १९११ ते १९४८ या ३७ वर्षांत कायद्यातला आठवडा ७२ तासांवरून ४८ वर आला. १९४८ नंतर पाऊणशे वर्षांत तो ४८ वरच थांबला. दरम्यान देशाची संपत्ती कितीतरी पटीने वाढली, यंत्रं कितीतरी वेगवान झाली, पण आठवडा एका तासानेही लहान झाला नाही.

बाकी जगात काय झालं?

जर्मनीचं उदाहरण घेऊ. १८७० च्या सुमाराला तिथला कामगार वर्षाला ३,००० पेक्षा जास्त तास काम करत होता. आज तिथली सरासरी साधारण १,३५० तासांवर आली आहे. यात अर्धवेळ काम करणारेही धरलेले आहेत, तरीही घट प्रचंड आहे. दक्षिण कोरियात एकेकाळी लांब कामाचे तास म्हणजे देशभक्ती समजली जायची. तिथे २०१८ मध्ये आठवड्याची कमाल मर्यादा ६८ वरून ५२ तासांवर आणली गेली.

भारतात सरासरी काम करणारा माणूस आठवड्याला सुमारे ४६.७ तास काम करतो, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची आकडेवारी सांगते. पण सरासरीवर जाऊ नका. त्याच आकडेवारीनुसार आपल्याकडचे सुमारे ५१ टक्के काम करणारे लोक आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून जास्त काम करतात. म्हणजे दोनपैकी एक माणूस ४८ च्या रेषेपलीकडे आहे.

असं का? पहिलं कारण म्हणजे कायदा मोजक्यांनाच लागू होतो. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातले ५८ टक्क्यांहून जास्त काम करणारे 'स्वयंरोजगार' या सदरात मोडतात. हातगाडीवाला, रिक्षावाला, घरी शिलाई करणारी बाई, छोटा दुकानदार, सगळे यात येतात. त्यांच्या तासांना कुठलंच कलम लागत नाही. दुसरं कारण म्हणजे तासाचा मोबदला इतका कमी आहे की घर चालवायला तास वाढवण्याशिवाय इलाज नाही. आणि तिसरं कारण आपल्या समाजासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे: बऱ्याच धंद्यांत तास मोजलेच जात नाहीत.

मीटरवर मजुरी, घड्याळ गायब

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नेते होते डॉ. दत्ता सामंत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कापड मात्र बंद पडलं नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणखी मोठ्या प्रमाणात विणलं जाऊ लागलं.

गिरणीत आठ तासांच्या तीन पाळ्या होत्या, हजेरीपट होता, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. यंत्रमागावर बारा तासांच्या दोन पाळ्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. मजुरी मीटरवर किंवा तागावर. धागा तुटला, बीम बदलायचा राहिला, लाइट गेली, तर तो वेळ मजुराच्या खिशातून जातो. मुंबईच्या कामगाराने शंभर वर्षं झगडून घड्याळ मिळवलं होतं. काम गावोगावच्या शेडमध्ये गेलं तेव्हा घड्याळ मागेच राहिलं.

हिशोब करा. बारा तासांची पाळी आणि आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. १९११ च्या कायद्यातला आकडाही हाच होता. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या प्रमुखांनी ९० तासांचा उल्लेख केला, तेव्हा तर गदारोळ झाला. मागावरचा मजूर ७० च्या पुढे केव्हाच गेलेला होता. त्याच्यावर टीव्हीवर चर्चा झाली नाही.

कायद्यातून सुटण्याचा मार्ग यंत्रमागाच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ चा कायदा वीज वापरणाऱ्या आणि १० किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला लागू होता. मग एकाच छपराखालचे माग भाऊ, बायको, मुलगा, मेहुणा यांच्या नावांवर वाटले जातात आणि कागदावर प्रत्येकाकडे दहापेक्षा कमी मजूर राहतात. बेकरी, गॅरेज, जरीचे कारखाने, कपड्यांच्या शिलाईची छोटी युनिटं इथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं.

मग मजूर आठ तास का मागत नाही?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. मीटरवर मजुरी असेल तर आठ तासांची पाळी मजुराला स्वतःलाच परवडत नाही.

समजा चोवीस तास चालणाऱ्या मागांवर आज दोन मजूर बारा-बारा तास काम करतात. उद्या तीन मजूर आठ-आठ तास आले. कापड तेवढंच निघेल, मजुरीची रक्कम तेवढीच राहील, पण ती दोघांऐवजी तिघांत वाटली जाईल. प्रत्येकाच्या घरी आजच्यापेक्षा एक तृतीयांश पैसा कमी जाईल. आजची कमाई टिकवायची तर मीटरचा दर दीडपट व्हायला हवा. मालक म्हणतो, सुताचे भाव, विजेचं बिल आणि गुजरातच्या कापडाची स्पर्धा, दर दीडपट करायला वाव कुठे आहे? छोट्या मालकाचं हे म्हणणं सगळं खोटंही नसतं. त्यातले अनेक जण स्वतः व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात.

म्हणून तासांचा प्रश्न मुळात दराचा प्रश्न आहे. तास कमी करा असं नुसतं म्हणून भागत नाही. दर वाढला, धाग्याच्या भावात स्थिरता आली, विजेची सवलत टिकली, नवे माग घ्यायला छोट्या मालकाला कर्ज मिळालं, तरच पाळी लहान होऊ शकते. जुन्या मुंबईच्या संपांमध्ये तास आणि पगार या मागण्या एकत्र येत असत, त्याचं कारण हेच.

घरातली दुसरी पाळी

तासांचा हिशोब करताना बायकांचे तास बहुतेक वेळा सुटतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं जातात. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी. यानंतर ती कांड्या भरते, ओढणीला गोंडे लावते, जरीचं काम करते. त्याचे पैसे नगावर. तिच्या दिवसाचे तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात.

याचा परिणाम आम्हाला शाळेत दिसतो. पालकसभेला आया येतात, वडील क्वचितच. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी झोपलेला असतो आणि दिवसपाळीचा बाप मुलं झोपल्यावर घरी येतो. मुलाचा अभ्यास कोण घेणार, त्याची संगत कोण बघणार, तो शाळेत येतो की नाही हे कोण विचारणार? शिक्षणात मागे असल्याबद्दल आपल्या समाजाला सगळे बोल लावतात. त्या बोलण्यात बापाच्या ७२ तासांचा हिशोबही धरायला हवा.

शरीराचाही हक असतो

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी. एकट्या २०१६ या वर्षात लांब तासांशी जोडलेले जगभरातले मृत्यू सुमारे ७ लाख ४५ हजार होते. हा अभ्यास ५५ तासांपुढच्यांचा आहे. ७२ तास, वर मागांचा आवाज आणि हवेतला कापसाचा भुगा, हे त्यात आणखी जोडून पाहा.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या समाजात लहान मुलालाही ठाऊक आहे. जुम्म्याच्या बयानात ती अनेकदा येते. पण त्यांच्याच शिकवणीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कमी वेळा ऐकू येतात. हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचं काम लादू नये आणि लादलंच तर स्वतः त्याला मदत करावी, ही एक. आणि माणसावर त्याच्या शरीराचा, त्याच्या डोळ्यांचा आणि घरच्यांचाही हक आहे, ही दुसरी. पहिली शिकवण मजुरीबद्दल आहे, बाकीच्या दोन तासांबद्दल आहेत असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे मालक आणि मजूर बहुतेकदा एकाच मोहल्ल्यातले असतात, एकाच सफमध्ये शेजारी उभे राहतात. ही गोष्ट इतर कुठल्या उद्योगात इतकी आढळत नाही. बोलणी सुरू करायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

नव्या नियमांत नेमकं काय आहे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 'रोज बारा तास काम' हा अर्थ चुकीचा आहे, पण भीती पूर्णपणे निराधार नाही.

राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलांत आठवड्याची ४८ तासांची सामान्य मर्यादा तशीच आहे. दिवसाला बारा तास घेतले तर चार दिवसांत ४८ भरतात, त्यापुढचं काम जादा धरलं जातं. सलग पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती सहा तासांनंतर करण्यात आली. तीन महिन्यांत जादा कामाची मर्यादा कारखान्यांत ११५ वरून १४४ तास आणि दुकानांत १२५ वरून १४४ तास झाली. कारखान्यात जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी. दुकाने-आस्थापनांचे बदल २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतात.

तीन महिने म्हणजे साधारण १३ आठवडे. १४४ तासांना १३ ने भागलं तर आठवड्याला सुमारे ११ तास येतात. ४८ मध्ये ११ मिळवले की ५९. म्हणजे जादा कामासकट कायदेशीर आठवडा १९२२ च्या ६० तासांच्या अगदी जवळ येतो. जुन्या मर्यादेतही तो ५७ च्या आसपास जातच होता, त्यामुळे आठवड्यातला फरक लहान आहे. खरा फरक दिवसात आहे. सलग बारा तास उभं राहणं आणि सहा दिवसांत वाटून काम करणं, यात शरीराला खूप अंतर पडतं.

केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत दिवसाचे आठ तास, आठवड्यातून एक सुट्टी, संमतीनेच जादा काम आणि त्याला दुप्पट दर या गोष्टी लिहिलेल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं, हेही त्यात आहे. मात्र १० पेक्षा कमी कामगारांच्या बहुतेक जागा तिच्या बाहेर राहतात आणि 'कारखाना' ठरायला आता वीज असेल तिथे १० ऐवजी २० कामगार लागतात. छोट्या शेडमधला मजूर जिथे होता तिथेच राहिला.

संमतीचा मुद्दाही समजून घ्यावा. ज्याच्याकडे नेमणूक पत्र नाही, उचल घेतलेली आहे आणि खोलीही मालकाचीच आहे, तो 'नाही' कसा म्हणणार? अशा माणसाची सही कागदावर असते, पण त्याची मर्जी त्यात असेलच असं नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, दुप्पट दराचा हिशोब शिकून घ्या. उदाहरणार्थ, महिन्याचा पगार १५,६०० रुपये, २६ दिवस, रोज ८ तास. म्हणजे २०८ तास आणि तासाला ७५ रुपये. महिन्यात ४० तास जादा काम केलं तर त्याचे साध्या दराने ३,००० होतात, पण कायद्याने ६,००० होतात. अनेक ठिकाणी ३,००० देऊन 'ओव्हरटाइम दिला' असं सांगितलं जातं.

दुसरी गोष्ट मीटरवर काम करणाऱ्यांसाठी. मजुरी नगावर किंवा मीटरवर असली की जादा दराचा हक राहत नाही, हा समज चुकीचा आहे. १९४८ च्या कायद्यातच नगावर काम करणाऱ्याचा दर कसा काढायचा हे दिलेलं होतं: आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी रोजची कमाई धरायची. म्हणजे मीटरवाल्या मजुराचेही तास मोजता येतात, हे कायद्याने पूर्वीच मान्य केलं आहे.

तिसरी गोष्ट, लिहून ठेवा. आलो किती वाजता, गेलो किती वाजता, माग किती वेळ बंद होता, कापड किती निघालं. एक दहा रुपयांची वही पुरते. लिहिता येत नसेल तर घरात शाळेत जाणारं मूल आहे, ते लिहील. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार गेली तर पहिला प्रश्न पुराव्याचा येतो आणि मजुराकडे बहुतेक वेळा तोंडी हिशोबाशिवाय काही नसतं.

चौथी गोष्ट आपल्या संस्थांसाठी. मशिदींच्या कमिट्या, जमातीच्या अंजुमन, शिक्षण संस्था निकाह, दवाखाने आणि शिष्यवृत्तीसाठी पैसा व वेळ देतात. मालक आणि मजूर दोघांना एकत्र बसवून निदान रात्रपाळीत ठरलेली विश्रांती, सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंद आणि बारा तासांच्या आत पाळी संपवणं, एवढ्या तीन गोष्टी ठरवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. पाळी आठ तासांवर यायला दराची, वीजबिलाची आणि सरकारी धोरणाची लढाई लागेल. ती लांबची आहे.

१८८४ च्या त्या अर्जावर सह्या करणाऱ्या ५,५०० जणांपैकी बहुतेकांना वाचता-लिहिता येत नसणार. तरी आपला दिवस किती तासांचा आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं आणि ते त्यांनी कागदावर आणलं. आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक शेडमध्ये आज मोबाइल आहे आणि त्यात घड्याळही आहे. पाळी किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली, एवढं या आठवड्यापासून लिहायला लागू.